मले गाय वाटली

आमच्या घराण्यात लग्नाच्या पंगती उठल्या, की किस्से सांगायचं काम माझ्याकडे असतं. पोटापाण्यासाठी मी यवतमाळला एका शाळेत हेडक्लार्क. लोकांचं बोलणं स्वच्छ मराठीत उतरवून देणं, एवढीच माझी विद्या. कोणी म्हणालं, "पोरगं तापानं फणफणून राह्यलं," की मी लिहिणार, 'पाल्य ज्वराने आजारी असल्याकारणे'. बायको म्हणते, मी घोरतानाही 'सदरहू' म्हणतो. हा एक किस्सा मात्र मी कुठल्याच पंगतीत पुरता सांगितलेला नाही.

ताई पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात दिलेली. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. त्या वर्षी गावात वाघाची धास्ती होती. दोन बैल गेले होते. जेवताना मी मोठ्या उत्साहानं विचारत होतो, वाघ केवढा, वाघ कुठं दिसला. ताईच्या सासूनं पळी हातात तशीच धरून मला झापलं.

"नाव कायले घेतो बाप्पा? नाव घेतलं का येते थो."

"बरं मावशी, नाही घेत," मी म्हणालो आणि आणखी एक पोळी वाढून घेतली. नाव घ्यायचं नाही तर म्हणायचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तिथं ते सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई, तिची जाऊ आणि गावातल्या तीन बाया कापूस वेचायला निघाल्या. मीही गेलो, मदतीला. अर्ध्या तासात बोंडांच्या टोकांनी माझी बोटं सोलली आणि पाठ धरली.

"जा, मचाणावर जाऊन बस," ताई म्हणाली. "तुह्या वेचणीत कापूस कमी अन् कचरा जास्त. तिथं फोन लागते. माहा फोन ठेव तुह्यापाशी, कोनाचा आला तं सांग."

अशी माझी नेमणूक झाली. चपला खाली सोडून मी वर चढलो आणि गार वाऱ्यात पेंगू लागलो. दहा-साडेदहाला फोन वाजला. नाल्यापलीकडचा शेतकरी दबक्या आवाजात बोलत होता.

"बाईले सांगा, तुमच्या नाल्याकडच्या धुऱ्यावर जनावर हाये." आणि फोन कटला.

धुरा म्हणजे शेताचा बांध, एवढं मला येत होतं. जनावर म्हणजे काय, हेही येत होतं असं मी समजत होतो. आमच्या गल्लीत 'मोकाट जनावरे सोडू नयेत' असा फलक आहे आणि त्याच्याखाली रोज दोन गाई रवंथ करत बसतात. मी शब्द नेहमीसारखा स्वच्छ केला. ताई आणि जाऊ मचाणाजवळ वेचत होत्या, बाकीच्या तिघी पार दुसऱ्या टोकाला. मी ओरडलो,

"ताई, नाल्याकडच्या धुऱ्यावर गाय आली वं!"

शब्द ऐकला तसाच पुढं ढकलला असता, तर पाचही जणी एका जागी गोळा झाल्या असत्या आणि डबे बडवत गावाकडं निघाल्या असत्या. गायीसाठी कोण गोळा होतं? ताईनं शेतातल्या झोपडीच्या कुडातून एक तुराटी, तुरीची वाळकी काठी, उपसली.

"मी उतरू का?"

"नको बाप्पा. तुले पाहून गाय हसन."

ती एकटीच "हैऽ हैऽ" करत गेली. कापसाची पऱ्हाटी खांद्याइतकी वाढलेली होती. तिचं डोकं दिसत होतं, डोक्यावर बांधलेला निळा रुमाल दिसत होता. मग रुमाल एकदम खाली गेला.

बाया ओरडत, डबे वाजवत तिकडं धावल्या. मी काय करत होतो, तेही सांगतो. मी मचाणाखाली चप्पल शोधत होतो. एक सापडली, दुसरी सापडेना. मी पोचलो तेव्हा वाघ नाल्यात उतरून गेला होता. जावेनं आपल्या पदरानं ताईचा उजवा खांदा गच्च आवळून धरला होता, आणि मी एका पायात चप्पल घालून उभा होतो.

हात राहिला. म्हणजे खांद्याला आहे, कामाचा नाही.

पाचव्या दिवशी दवाखान्यात वनरक्षक जबाब घ्यायला आला. कॉटभोवती भाऊजी, सासू, जाऊ. त्यानं विचारलं, "बाई, एकट्या कशा गेल्या?"

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले गाय वाटली," ती म्हणाली.

जाऊ काहीतरी बोलणार होती. ताईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. वनरक्षक मला म्हणाला, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं दिसते. तुम्हीच लिहा, बाईचा अंगठा घेतो." मी लिहिलं: 'सदर प्राणी गाय असल्याचा माझा गैरसमज झाला.' डाव्या हाताचा अंगठा घेतला.

गावात बाया अजून बोलतात. पंचवीस वर्षं जंगलाच्या कडेला काढली, अन् गाय का जनावर वळखू आलं नाई? सासू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "आमच्या सुनेले गाय दिसली म्हणे. डोये होते का बोंडं?"

पुढच्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो, तेव्हा मावशींनी तेच पुन्हा ऐकवलं. मी हळूच म्हणालो, "ताई, आज सांगून टाकतो."

"चूप बस," ती तितक्याच हळू म्हणाली. "हे कयलं तं तुले या घरात पाय ठेवू देतीन काय? मंग म्या कोनाले ओवायाव?"

तिनं डाव्या हातानं ताट उचललं. ताट एका बाजूला कललं, निरांजनातलं तेल माझ्या शर्टावर सांडलं. "हालू नको," ती म्हणाली. मी हललो नाही.

मावशी गेल्या उन्हाळ्यात वारल्या. भाऊजी अजून आहेत, आणि छापलेलं सगळं वाचतात, अगदी भजे बांधून आणलेला कागदसुद्धा. हेही वाचतील. यंदा भाऊबीजेला मी जाणार आहे. दार उघडलं नाही, तर अंगणात बसेन.