पट्टा झोपतो तेव्हा

हरवलेली कुत्री-मांजरं सापडावीत म्हणून त्यांच्या गळ्यात घालायचा पट्टा मी बनवते. पुंडलिकनगरातल्या घराच्या वरच्या खोलीत दोन वर्षं मी एकाच गोष्टीच्या हात धुवून मागं लागले होते: बॅटरी. लोकांना रोज चार्जिंग नको असतं. शेवटी युक्ती सापडली. जनावर हललं तरच पट्ट्यानं ठिकाण कळवायचं, नाहीतर झोपायचं. एका दिवसाची बॅटरी आठ दिवस पुरायला लागली आणि मी हवेत गेले.

पहिला पट्टा आमच्याच कुत्र्याच्या गळ्यात. आमचं म्हणायचं आपलं. आई गेल्यापासून ते माझ्या वडिलांचं, आप्पांचं होतं. दिवसभर आप्पा बोलत ते त्याच्याशीच.

"अन् ते कुठं पडून राह्यलं तर?" आप्पांनी तेव्हाच विचारलं होतं.

"पडून राहिलेलं कुत्रं हरवत नाही, आप्पा." शहाणी मी!

पडेगावला आत्याकडे साखरपुडा होता; कुत्रंही आप्पांबरोबर आलं होतं. फटाक्यांची माळ लागली आणि कुत्रं बिथरून पळालं. मी ऐटीत मोबाईल काढला. ठिपका मोठ्या रस्त्याकडे पळत होता. मग थांबला. आम्ही तिथं पोचलो, तर नुसती धूळ. पट्टा झोपला होता, आणि जागा असतानाही तो पाच-पाच मिनिटांनीच ठिकाण कळवायचा, त्यामुळं शेवटच्या ठिपक्यानंतर कुत्रं किती पुढं गेलं ते कळायला मार्ग नव्हता.

"तूच बनवलं ना ते? मग उठव की त्याला!" आप्पा ओरडले.

झोपलेला पट्टा बाहेरून उठवायची सोय मीच काढून टाकली होती, बॅटरी वाचावी म्हणून. तरी मी वेड्यासारखी मोबाईल दाबत राहिले. भर उन्हात दोन तास आम्ही नाले, बाभळी, गॅरेजांच्या मागच्या बाजू पालथ्या घातल्या. हाका मारून मारून आप्पांचा आवाज बसला. मला माझीच शिसारी आली.

आणि मोबाईल वाजला. ठिपका हलला होता.

"हललं! जित्तं हाय!" आप्पा या वयात पळत सुटले. एक चप्पल मागंच राहिली.

चहाच्या टपरीमागं टपरीवाला कुत्र्याला पोत्यावर घेऊन सावलीत ठेवत होता.

"गाडीनं उडवलं, काका. लई वेळ रस्त्याकडं बघत पडलं व्हतं. आत्ताच गेलं."

आप्पा खाली बसले. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी पट्ट्याखाली हात घातला आणि तसाच ठेवला.

"गरम हाय गं अजून," ते म्हणाले.