अंदाजाच्या सात खुणा

प्रमिलाताई तिजारे यांची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यापासून झाली. त्या आमच्या महिला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. प्रात्यक्षिकाला टेबलावर कासवाचा सांगाडा होता. मी सुबक आकृती काढली आणि शाबासकीच्या आशेने वही पुढे केली. ताईंनी सांगाड्याच्या मागच्या पायाकडे बोट केलं. त्याचं एक नख कधीचंच गळून पडलेलं होतं. माझ्या आकृतीत ते जागच्या जागी होतं.

"हे तू कुठे पाहिलं?"

"पुस्तकात."

"मग इथे काहून आलीस? घरीच पाहायचं होतं पुस्तक."

सगळा वर्ग हसला आणि मी आठवडाभर फुगून बसले. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथाची सुरुवात अशा आठवणीने करू नये, असं संपादकांचं मत पडलं. पण ताईंविषयी गोडगोड लिहिलं तर त्या हा ग्रंथ उघडणारही नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. ताई नर्मदेच्या वाळूत गेल्या. मऊ पाठीची कासवं नदीतून कमी होत चालली होती. काही जाळ्यात अडकत, काहींची शिकार होई, आणि जिथे माद्या अंडी घालत ती वाळूच ट्रॉल्या भरभरून उपसली जात होती. नर्मदाकाठच्या आमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात ताईंना 'कासवबाई' म्हणत. ताईंना ते आवडायचं, असं मला वाटतं. त्या वरवर रागावत, एवढंच.

त्यांची काम करण्याची रीत निराळी होती. नदीच्या बेटावर खरबुजं-टरबुजं लावणारे बिहारी भैया नावाचे एक केवट, म्हणजे नावाडी, आहेत. ताई रोज सकाळी त्यांच्या नावेतून पलीकडे जात, वेलांची विचारपूस करत आणि परत येत. कासवाचा विषय काढत नसत. तिसऱ्या आठवड्यात भैयांनीच आपल्या वाफ्यातलं कासवाचं घरटं दाखवलं, आणि त्याभोवतीच्या चार ओळी न लावता सोडून दिल्या. पुढे काठावरचे बाकीचे केवटही ताईंना घरटी दाखवू लागले, ते भैयांचं पाहून. ताईंचं सगळं काम या एका माणसाच्या शब्दावर उभं होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. गेल्या हिवाळ्यात वरच्या भागात अवकाळी पाऊस झाला आणि एका सकाळी ताईंना भैयांचा फोन आला. "दीदी, मुनादी हो गई. बाँध से पानी छूट रओ है, दुपहर लौ इते आ जैहै." धरणातून पाणी सोडल्याची दवंडी झाली होती; दुपारपर्यंत भैयांच्या वाफ्यातलं त्या सालचं घरटं बुडणार होतं. अंडी हलवायची वनखात्याची परवानगी ताईंच्या पिशवीत होतीच. मी शिकवते त्या पाटणच्या शाळेत रजा टाकून, नेहमीसारखी ताईंच्या मदतीला मी धावले.

ही अंडी लिंबाएवढी आणि अगदी गोल असतात. वर कुठलं, खाली कुठलं, काही कळत नाही. आतला जीव मात्र वरच्या बाजूला धरून असतो. अंडं उलटं झालं तर तो बहुधा मरतो. म्हणून अंडं खड्ड्यात असतानाच त्याच्या माथ्यावर पेन्सिलने फुली मारायची आणि तसंच, न फिरवता, उचलायचं. आधी फुली, मग हात, हा ताईंचा नियम.

आम्ही पोचलो तेव्हा बेटाची कड भिजायला लागली होती. मी खड्ड्याशी बसले. ताई आणि भैया नावेतल्या वाळूच्या ट्रेमध्ये अंडी रचत होते. पहिली अकरा मी नीट काढली. मग खड्ड्याच्या तळातून पाणी झिरपू लागलं आणि माझा धीर सुटला. उरलेली सात अंडी मी एकदम ओंजळीने ओढणीत घेतली. ओढणीत ती गडगडली. मी पाठमोरी बसले आणि जी बाजू वर दिसली तिच्यावर फुल्या मारत सुटले.

"खुणा झाल्या?" नावेतून ताईंनी विचारलं.

"झाल्या," मी म्हटलं.

वनखात्याच्या रोपवाटिकेत कुंपण घातलेला वाळूचा चौथरा आहे. तिथे अठरा अंडी पुरली गेली. तीन दिवस मला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी चौथऱ्याशी ताईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "काय लपवून राहिली तू?"

मी सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणती सात?"

मला सांगता येईना. माझ्या फुल्या इतक्या छान जमल्या होत्या की खऱ्या आणि खोट्या वेगळ्या ओळखूच येत नव्हत्या. ताई चौथऱ्याच्या कडेवर बसल्या. "तू बोलली असतीस तर सातच संशयात असती. आता अठराची अठरा आहेत." मग उठल्या. "चल, भैयांना सांगू."

मी हातापाया पडले. पिल्लं निघेपर्यंत थांबू, कदाचित सगळी निघतील, म्हटलं. "आणि सगळी निघाली तर काय सांगशील? काहीच नाही ना?" ताई म्हणाल्या.  आम्ही बेटाकडे जायला नावेत बसलो. भैया बिथरले तर ताईंची कित्येक वर्षांची मेहनत माझ्यापायी पाण्यात जाणार होती.

"भैया, गलती हमसे हुई," ताईंनी सुरुवात केली. त्या 'हमसे'मध्ये त्यांनी मला पदराखाली घेतलं होतं, पण बाकी काहीही झाकलं नाही. सगळं ऐकून भैया म्हणाले, "काए बता रईं आप? हमें का पता चलतो?"

"इसीलिए बताया."

भैयांनी खुरपी उचलली आणि वेलांकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी दहा पिल्लं निघाली. आठ अंडी तशीच राहिली. त्यांतली माझी किती, हे कुणालाच कधी कळणार नाही. पिल्लं सोडताना भैया आले, लांब उभे राहिले आणि तसेच परत गेले. ताईंनी वहीत लिहिलं, 'सात खुणा अंदाजाने. कोणत्या ते माहीत नाही', आणि खाली सही मला करायला लावली.

यंदाच्या हिवाळ्यात काठावरून एकही फोन येईना. ताई फोन उशाशी घेऊन बसत, आणि वर "मी काही वाट नाही पाहून राहिले" असं मलाच सुनावत. त्यांचा चेहरा पाहून मला रडू यायचं. मग एका रविवारी सकाळी फोन वाजला, तो माझा. घरटं सापडलं होतं, आणि ताईंच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून भैया मलाच बोलावत होते. "दीदी के घुटने से न बनहै. आप आ जाओ. घरौंदा मिलो है, हमने छुओ नईं."

मी तशीच ताईंच्या घरी धावले. वाटलं, शंभर सूचना देतील, निदान चष्म्यावरून एकदा रोखून पाहतील. त्यांनी परवानगीचा कागद माझ्या हातात ठेवला. "जा. जसं होईल तसं येऊन सांग."

प्रमिलाताईंना शंभरी लाभो, त्यांचे गुडघे बरे होवोत आणि जिभेची धार अशीच राहो. हे मागणं निव्वळ त्यांच्यासाठी आहे असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. अजून माझ्या हातून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या ऐकायला मला ताई हव्या आहेत.