सात वाजताची एक घंटी

रेणुकादास पांगरेकर मास्तर आणि खाजाभाई यांची पहिली भेट १९९३ साली अहमदपूरच्या एस.टी. स्टँडसमोर झाली आणि त्या भेटीत तीन गाड्या वेळेआधीच सुटल्या, असं खाजाभाई सांगतात.

झालं होतं असं. मास्तरांची नांदेडहून अहमदपूरच्या शाळेत बदली झाली. भूगोलाचे शिक्षक. पत्र्याची पेटी घेऊन उतरले, तेव्हा बायकोला 'पोहोचलो की कळवतो' असं वचन देऊन आलेले. स्टँडसमोर खाजाभाईंचा एसटीडी बूथ होता, काचेचा. जाड माणसाला आत शिरायचं तर आडवं व्हावं लागे. मास्तर काटकुळे, सरळ शिरले. पण आवाज काटकुळा नव्हता. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची त्याला सवय होती आणि नांदेड तर सत्तर किलोमीटरवर. मास्तरांनी अंतराचा हिशेब करूनच आवाज लावला.

"पोहोचलोऽऽ! बरा आहेऽऽ!"

उदगीरच्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टर ओरडला. त्यानं अर्धे उतारू खाली ठेवून गाडी काढली. ती निघाली म्हणून मागची निघाली, मागची निघाली म्हणून तिच्या मागची. केळीवाल्याची बकरी जागच्या जागी बसली ती संध्याकाळी उठली. बूथच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मास्तरांच्या मते गाडी एकच गेली, बकरी म्हातारी होती आणि काच आधीच तडकलेली होती.

खाजाभाईंनी दार उघडून अदबीनं विचारलं, "मास्तर, एक सांगू का? रिसिवर खाली ठिवा अन् तसंच बोला. तारेला कशाला तरास?"

मास्तर रोज सकाळी सात वाजता येऊ लागले. चार दिवस खाजाभाईंनी कानाला मफलर गुंडाळून सोसलं. पाचव्या दिवशी विचारलं, "रोज काय सांगता हो घरी?"

"पोहोचलो. बरा आहे."

"पोहोचले तुम्ही सोमवारी. आज जुम्मा हाय."

मुद्दा भूगोलाचा होता आणि बरोबर होता.

"असं करा," खाजाभाई म्हणाले. "एक घंटी वाजू द्या अन् ठिऊन द्या. वहिनी समजतील का मास्तर जिंदा हाय. पैसा पन न्हाई लागत. लांब घंटी वाजली तरच उचलायचं. म्हंजी काही बरं-वाईट."

स्वतःच्या धंद्यावर स्वतःच्या हातानं पाणी सोडणारा असा दुकानदार सबंध लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल. पण प्रश्न धंद्याचा नव्हता, कानांचा होता. तेव्हापासून नांदेडला घरमालकांच्या जिन्याखालचा फोन सात वाजता एकदा वाजे. उमादेवी चहाचं आधण ठेवता ठेवता तो ऐकत, आणि आधणात एक कप पाणी कमी घालायचं दुःख गिळून कामाला लागत.

चार वर्षांनी मास्तरांची बदली परत नांदेडला झाली. तोवर त्यांनी घरात स्वतःचा फोन घेतला होता. पहिल्याच सकाळी सात वाजता तो एकदा वाजला आणि थांबला. उमादेवी दारात येऊन म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर इथंच आहात. मग ही कोणाची?"

मास्तरांनी अहमदपूरचा नंबर फिरवला, पलीकडे एक घंटी वाजू दिली आणि ठेवून दिला.

ती घंटी पुढे सत्तावीस वर्षं चालली. सात वाजता खाजाभाईंची, सात वाजून एक मिनिटानं मास्तरांची. दोघांनी फोन उचलला असं कधी झालं नाही. बूथ बंद पडला, तिथं खाजाभाईंच्या मुलानं, आसिफनं, मोबाइलचं दुकान थाटलं. बूथचा फोन मात्र खाजाभाईंनी घरात नेऊन पलंगाशी ठेवला. मास्तर निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊ लागले. "सरकार वर्षातून एकदा विचारतं," ते म्हणायचे. "खाजाभाई रोज विचारतात."

एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष भेट सहा-सात वेळा झाली असेल. उमादेवी गेल्या त्या दिवशीही सातला घंटी वाजली. घरात माणसं होती, दारात तिरडी बांधणं चाललं होतं. लांब घंटीचा नियम होता खरा, पण मास्तरांना रिसिव्हर तितका वेळ कानाला धरवेना. त्यांनी एकच घंटी दिली आणि ठेवला. ती घंटी खोटी नव्हती, ते स्वतः होतेच. खाजाभाईंना तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ते मिळाली त्या गाडीनं आले, ओसरीवर दोन तास बसले आणि चारच्या गाडीनं परत गेले.

त्यानंतर मास्तर एकटे. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जातो. स्वयंपाकाच्या महानंदाबाई नऊला येतात, दहाला "येते हो" म्हणून जातात. मुलगी मुग्धा हैदराबादला, रविवारी मोबाइलवर बोलते. पण मोबाइलला घरात रेंज नाही, म्हणून मास्तर खिडकीचा गज धरून उभे राहतात आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं, मास्तर कोणाला तरी सोडवा म्हणताहेत. बाकी दिवसभर त्यांची चौकशी करणारं काही असेल तर ती सातची घंटी. ती वाजली की मास्तर पांघरुणाची घडी घालत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणला आणि फोनची तार तुटली. चौकशी केली तर उत्तर मिळालं, तांब्याची तार आता जोडत नाहीत, काचेची घ्या. इंटरनेट आणि फोन एकाच डबीतून. मास्तरांनी खिडकीत जाऊन मोबाइलवरून आसिफच्या मोबाइलला एक घंटी दिली तर गंमतच झाली. मोबाइलवर नंबर उमटतो आणि नंबर उमटला की माणसाला राहवत नाही. दहा मिनिटांत खाजाभाईंच्या घरातून चौघांचे फोन आले, 'मिस कॉल आला होता, काय काम होतं?' मोबाइलची घंटी ही घंटी नसते, तो अर्ज असतो. आलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

तेव्हा डबी घ्यायची ठरली. पण कोणाची? मास्तर पेन्शनर माणूस, स्वस्तातलं हवं. आणि मास्तर असल्यामुळे त्यांनी निवड एकाच पद्धतीनं केली. त्यांनी प्रश्नपत्रिका काढली. पन्नास गुण, दहा प्रश्न, वेळ अर्धा तास. जो कोणी माहिती सांगायला येईल त्याला ओसरीवर बसवून, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, कागद हातात द्यायचा.

पहिला उमेदवार प्रश्नपत्रिका बघूनच 'गाडी रस्त्यात लावली आहे' म्हणून गेला, तो आलाच नाही. दुसरा मोहसीन, गल्लीतल्या केबलवाल्याकडचा. तिसरा यज्ञेश, टाय लावलेला, एका मोठ्या कंपनीचा.

पहिला प्रश्न होता, 'सर्व कर धरून मासिक रक्कम अक्षरी लिहा.' चौथा, 'वीज गेल्यास फोन बोलेल काय?' आणि सातवा, ज्याच्यासाठी बाकीचे नऊ काढले होते तो: 'एका घंटीनंतर फोन ठेवल्यास पलीकडे घंटी वाजते काय? वाजत असल्यास किती? खात्रीपूर्वक लिहा.'

यज्ञेशनं मान वर केली. "सर, हा प्रश्न येतच नाही. आमच्यात बोलणं अमर्याद आहे. चोवीस तास बोला!"

"कोणाशी?" मास्तरांनी विचारलं.

यज्ञेशनं खाली मान घालून लिहिलं.

मोहसीननं सातव्या प्रश्नाखाली लिहिलं, 'सांगता येणार नाही. लावून बघावं लागेल.' मास्तरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'अभ्यास कमी', आणि शून्य दिलं. यज्ञेशनं लिहिलं होतं, 'होय. शंभर टक्के.' पाचपैकी पाच. वर अक्षर सुवाच्य म्हणून एक. शिवाय वर्षाचे पैसे एकदम भरले तर त्याचीच योजना स्वस्त पडत होती. अशा रीतीनं चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसानं खरं सांगणाऱ्या पोराला नापास केलं आणि ठोकून देणाऱ्याला पहिला आणला.

डबी भिंतीवर बसली. तिला जुनाच फोन जोडला. नंबर तेवढा नवा मिळाला. मास्तरांनी तो पोस्टकार्डावर बोटभर आकड्यांत लिहून खाजाभाईंना धाडला, कार्ड पोहोचायला आठवडा दिला आणि सोमवारी पावणेसातलाच खुर्ची ओढून फोनसमोर बसले.

सात वाजले. घंटी नाही.

सात वाजून एक मिनिटानं मास्तरांनी नंबर फिरवला. कानात एक घंटी वाजली, लगेच ठेवला. उलट काही नाही. मंगळवारी तसंच. बुधवारी मास्तरांनी पांघरुणाची घडीच घातली नाही. लांब घंटी वाजू द्यावी, असं मनात आलं. पण लांब घंटी म्हणजे बरं-वाईट. आणि आपण लांब वाजवली, नि पलीकडे ज्यानं उचलला तो खाजाभाई नसलाच तर? रिसिव्हरवर हात ठेवून मास्तर बराच वेळ बसले. मग महानंदाबाई आल्या, म्हणाल्या, "काका, कुणाच्या फोनची वाट बघून राहिले?" मास्तर म्हणाले, "कोणाच्या नाही," आणि त्यांच्या ध्यानात आलं की सोमवारपासून आपण बोललेलं हे पहिलंच वाक्य.

गुरुवारी ते एस.टी.त बसले. निघताना स्टँडवर अर्धापूरची केळी डझनभर घेतली. गाडी लोह्याच्या पुढे गेल्यावर त्यांना सुचलं, मयताच्या घरी केळी कशी न्यावी? शेजारच्या बाईच्या मांडीवर पिशवी ठेवली. मग वाटलं, माणूस जिवंत असला तर रिकाम्या हातानं कसं जावं? पिशवी परत घेतली. अहमदपूर येईपर्यंत ती पिशवी तीनदा इकडून तिकडे झाली आणि त्या बाईनं शेवटी दोन केळी न विचारता काढून घेतली.

मास्तर उतरले आणि समोर नांदेडच्या फलाटावर खाजाभाई उभे. इस्त्रीचा कुर्ता, डोक्यावर धुतलेली टोपी, हातात पाण्याची बाटली.

"मास्तर?" खाजाभाई म्हणाले. "तुम्ही हाय?"

"आहे. तुम्ही?"

"मी तुमच्याच मातीला निघालो होतो! तीन दिस झाले, रोज घंटी देऊन राहिलो. तिकडून सूं न्हाई का सां न्हाई. मी म्हनलं, गेला आपला मास्तर. अन् केळी कशाला आणली हो माझ्या मातीला?"

"दोन्हीकडे चालतील अशी आणली."

खाजाभाई इतके हसले की पाण्याची बाटली पडली. मग डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ घातली नाही.

आसिफनं दुकानात चहा मागवला आणि उलगडा केला. "मास्तरचाचा, डबीच्या फोनचं असंच हाय. तुमच्या कानात वाजते ती घंटी येगळी अन् इकडं घरात वाजते ती येगळी. कानातली आधी वाजते. तुम्ही एकीला ठिवता, इकडं वाजायच्या आतच खलास. अब्बांची तुमच्याकडं पन तसंच. तीन वाजू द्या, मग इकडं एक तरी वाजंल."

म्हणजे मोहसीनचं उत्तर बरोबर होतं. मास्तरांनी मनातल्या मनात त्याला पाचपैकी पाच दिले.

दुसऱ्या सकाळपासून तीन घंट्यांचा नियम झाला. पण तिसऱ्या घंटीपर्यंत घरातलं माणूस धावत फोनपर्यंत पोहोचतं. आसिफची बायको नाजिया धापा टाकत उचलायची. तिच्या कानाला लांब घंटी म्हणजे अजून बरं-वाईटच. "मास्तरचाचा, काय झालं?"

"काही नाही. ठेवतो."

"ठिवता कशाला? फुकट हाय ना तुमचं. बोला की अब्बांशी."

मग खाजाभाई फोनवर येत. बत्तीस वर्षांच्या ओळखीत प्रथमच ते दोघं फोनवर बोलू लागले.

"काय म्हनता मास्तर?"

"बरं आहे. तुम्ही?"

"हाव."

यापुढे कोणालाच काही सुचत नसे. डबीचं बोलणं अमर्याद होतं, दोघांकडचं तेवढ्यातच सरे. नात जेबानं रविवारी व्हिडिओ लावून दिला. मास्तरांना खाजाभाईंचा कान दिसला, खाजाभाईंना मास्तरांच्या घरातला पंखा. कान बरा होता. पंख्यावर धूळ होती, ती खाजाभाईंनी सांगितली, मास्तर 'पुसतो' म्हणाले. दुसऱ्या रविवारी पंखा पुसलेला होता. तिसऱ्या रविवारी खाजाभाई लग्नाला गेले होते. चौथ्या रविवारी मास्तर खिडकीत मुग्धाशी बोलत होते.

रोज सकाळी फोन वाजला की अब्बांचं बीपी वाढतं, असं नाजिया म्हणाली. ते खरंच होतं. म्हणून तीन घंट्या थांबल्या, आणि एकीचा उपयोग नव्हता. आसिफनं घरातला जुना फोन काढला आणि त्यांच्याकडेही डबी बसवली. आता दोन्ही घरांत बोलणं फुकट आहे.

फेब्रुवारीपासून सात वाजता घंटी वाजलेली नाही. या नोव्हेंबरात मास्तरांनी बँकेत दाखला दिला. खाजाभाई दुकानात बसतात.

दोघंही हयात आहेत.