परसूं म्हणजे कधी

मी मोजणी खात्यात आहे. बांध हातभर सरकला की सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे नोकरीभर पाहत आलो. त्यामुळे कुणी ‘जवळच’, ‘थोडंसं’, ‘मागं कधीतरी’ म्हटलं की माझ्या तोंडून लगेच निघतं, ‘म्हणजे किती?’ घरात याची चेष्टा होते. होऊ दे.

नळदुर्गात आमच्या गल्लीत एक वाचनालय आहे. वाचक कमी, खुर्च्या भरपूर. त्या रिकाम्या खुर्च्या बघून बायकोने ठरवले की महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे छोटा माहितीपट दाखवायचा. मोबाइलवर, गावातच काढलेला. एका मोहल्ल्यातल्या माणसाचा दुसऱ्या गल्लीत दाखवायचा आणि ज्याच्यावर पट आहे तो माणूसही तिथे बसलेला पाहिजे. नियम मी घातले. दहा मिनिटांच्या आत संपला पाहिजे, संगीत नको, आपले भाष्य नको. संगीत लावले की माणसे दोन थेंब गाळतात आणि घरी जाऊन होती तशीच राहतात. नुसता माणूस काम करताना दाखवा. त्याच्या हाताकडे नऊ मिनिटे बघितल्यावर त्याच्याबद्दल वाटेल ते बोलणे अवघड जाते. हे माझे मत आहे आणि ते अजून बदललेले नाही.

पहिले दोन पट बरे गेले. तिसरा होता बांगड्या भरणाऱ्या चाचींचा.

चाची मोहल्ल्यातल्या. सासूच्या मागे टोपली घेऊन आमच्या गल्लीत येऊ लागल्या तेव्हा नवीन नवरी होत्या. पुढे गल्लीतल्या प्रत्येक सुनेचा चुडा त्यांनीच भरला. दीड वर्षापूर्वी मोबाइलवर फिरलेल्या एका खोट्या निरोपावरून गावात दोन समाजांत तणाव झाला. दुकाने दोन दिवसांत उघडली, पण आमच्या गल्लीने चाचींना बोलावणे बंद केले ते केलेच. भांडणाचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. बायको पट काढायला गेली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “लांबची गावं आता गुडघ्यानं होत न्हाईत. ही गल्ली गेली तर टोपली माळ्यावर टाकायची.”

ते वाक्य पटात घ्यायचे नाही, असे बायकोने ठरवले. दया मागितल्यासारखे दिसले असते.

त्या रविवारी खिडक्यांना चादरी लावल्या. बायका बऱ्याच आल्या, चाचींना बघून काही दाराशीच थबकल्या, पण बसल्या. चाची भिंतीला पाठ लावून मागे बसल्या होत्या. पडद्यावर त्या एका लहान मुलीचा हात दाबून दाबून मऊ करत होत्या आणि काचेची बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकवत होत्या. बोलत होत्या त्या दखनीत, म्हणून खाली मराठी ओळी मी लिहिल्या होत्या. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, “परसूं तुमारीच गल्ली में आई तो बडी बाई ने खटिया पो बिठाए, पानी पिलाए, चा पिलाए.” खाली माझी ओळ होती: परवा तुमच्याच गल्लीत आले तर मोठ्या बाईंनी बाजेवर बसवले, पाणी दिले, चहा दिला.

शेजारच्या वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. “थांबवा ते! परवा कोण आलतं? दीड वर्ष झालं या बाईनं गल्लीत पाय न्हाय ठेवला. अन् आमी चहा पाजला म्हणं!”

“तर काय, आपल्याच तोंडावर खोटं,” मागून कुणीतरी म्हणाले.

मी पट थांबवला. बोललेले आणि लिहिलेले मनातल्या मनात पुन्हा जुळवून बघितले, शब्दाला शब्द बरोबर होता. तरी माहिती चुकीची होती आणि ती आमच्या वाचनालयात, माझ्या अक्षरात दाखवली गेली होती. मी मागे वळून विचारले, “चाची, परसूं म्हणजे कधी?”

“परसूं म्हंजे परसूं,” चाची म्हणाल्या. “माझं नवीन लगीन झालतं तवा.”

मग माझी बायको हसायलाच लागली. “अहो साहेब, यांच्यात मागचं सगळं परसूंच असतंय! काल सोडून जे गेलं ते परसूं. मोजा आता!”

बायका खदखदल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत. “कुठल्या मोठ्या बाई?” त्यांनी विचारले.

“तुमच्याच की सासूबाई, भाभी. दारात लिंबाखाली बाज होती. माझी सास म्हणाली, खाली बस. बडी बाई म्हणाल्या, नवरीला खाली कशाला? वर बस म्हणाल्या.”

“लिंब तोडला आमी,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. मग खाली बसल्या. मान न वळवताच त्यांनी विचारले, “मग ते भांडण? ते कधीचं?”

“वो बी परसूं,” चाची म्हणाल्या.

मी पट पुढे चालू केला. उरलेली चार मिनिटे कुणी हलले नाही. उठताना वहिनी चाचींजवळ गेल्या. “सुनेचं डोहाळजेवण हाय. हिरवा चुडा भरायचाय. उद्या या.” आणि दारातून वळून म्हणाल्या, “उद्या म्हंजे उद्याच हं चाची. तुमचं काय सांगता येत न्हाय.”

संध्याकाळी मी ओळ दुरुस्त करायला बसलो. ‘पूर्वी’ लिहून पाहिले, ‘लग्नानंतर’ लिहून पाहिले. शेवटी ‘परसूं’च ठेवले. दुसरे काहीही लिहिले तरी चूकच ठरले असते.

सोमवारी साईटवर निघताना शेजारच्या अंगणात टोपली दिसली. बाज आता नव्हती, वहिनींनी प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. सुनेचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते आणि ती बांगड्या वाजवून बघत उभी होती.

“बघत काय ऱ्हायलीस?” वहिनी म्हणाल्या. “चुडा भरल्यावर वाकायचं असतं. पड त्यांच्या पाया.”

सून पोट सांभाळत वाकू लागली. चाचींनी तिला अर्ध्यातच धरले.