मेंदूवाली मॅडम

समुपदेशनासाठी आलेल्या मॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं, "वर्गात खर्रा कोण कोण खाते?" तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याचं नाव निघताच अख्खी नववी मुकी झाली. मग त्यांनी विचारलं, "बरं, गावात कोण्या पानठेल्यावरचा चांगला भेटते?" त्यावर चारही रांगांतून उत्तरं आली आणि बसस्टँडवाला की बाजारातला, यावरून मागच्या बाकांवर भांडण जुंपलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे खात कोणीच नाही, चव मात्र सगळ्याईले माहीत हाय."

त्या अमरावतीहून एसटीनं आमच्या अंजनगावच्या शाळेत यायच्या. त्यांना बसायला लेझीम आणि ढोल ठेवायची खोली मिळाली होती. या 'मेंदूवाल्या मॅडम'कडे जाईल तो पागल, असं शाळेचं एकमत असल्यामुळे तिकडे कुणी फिरकेना. मॅडमनी मग आधी पहिल्या नंबरच्या मुलीला बोलावलं, पाठोपाठ खुद्द हेडमास्तरांच्या मुलाला. थोड्याच दिवसांत ज्याला बोलावणं येत नसे, त्यालाच आपल्यात काही कमी असल्यासारखं वाटू लागलं. मीही उगाच जाऊन बसलो. गणित येत नाही यापलीकडे मला दुःख सापडेना. "ते तर मलेही येत नव्हतं," त्या म्हणाल्या, "पुढचं सांग."

उपदेश हा प्रकार त्यांना जमत नसे. सडलेल्या जबड्यांचे तक्ते शाळेत आले, ते त्यांनी भिंतीची ओल झाकायला वापरले. हेडमास्तरांनी हटकलं, तर म्हणाल्या, "हेच चित्र तंबाखूच्या पुडीवर हाय, सर. पोट्टे ते फाडूनच खातात."

माझ्या बाकावरचा पवन्या म्हणजे कबड्डीतली आमची भिंत. त्याचा मोठा भाऊ मोटरसायकलवरून पडून वारला, तेव्हापासून तो तोंडात खर्रा ठेवून वर्गात झोपायचा. घरात भावाचं नाव कुणी काढत नव्हतं, म्हणून तोही काढत नव्हता. एकदा तपासणीत त्याच्या दप्तरात खर्ऱ्याची पन्नी सापडली. फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' हा बोर्ड नुकताच लागला होता. हेडमास्तरांनी त्याच्या हातात दाखला द्यायचं ठरवलं.

आम्ही दोघं ऑफिसच्या दाराशी उभे होतो. मॅडम आत शिरल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तंबाखूमुक्त बोर्ड झाला, सर. पोरगं अजून झालं नाही. खोटं कोण बोलून राहिलं? काढायचाच तर बोर्ड काढा."

हेडमास्तर लालबुंद झाले, पण दिवाळीपर्यंत थांबायला कबूल झाले.

मग मॅडमनी पवन्याला ढोलांच्या खोलीत बोलावलं; तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. मॅडमनी खर्ऱ्याचा विषयच काढला नव्हता. भाऊ गाडी कशी चालवायचा, एवढंच विचारलं. हा भावाच्या गमती सांगत हसत सुटला आणि हसता हसता असा रडला, की शेवटी ढोलावर डोकं टेकून बसला. पुढे मॅडमनी त्याच्या आईबाबांना बोलावलं.  तिथं बाबांनी मोठ्या मुलाचं नाव घेतलं. त्या दिवशी त्या घरातले सगळे पहिल्यांदा मिळून रडले. खर्रा लगेच सुटला नाही. मध्येच पुन्हा सुरू झाला, तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची, मॅडम त्याला अमरावतीला दातांच्या डॉक्टरकडेही घेऊन गेल्या. पण दाखला शाळेतच राहिला आणि दहावीत पवन्या जागा असायचा.

त्याच वर्षी मॅडमची कंत्राटी नोकरी संपली. पुढे वाढवली नाही. आम्ही त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो, आणि अमरावतीची गाडी लागताच मॅडम सगळ्यांसमोर रडायला लागल्या. पवन्या घाबरला. "मॅडम, रडू नका ना," म्हणाला.

"कावून नको?" त्यांनी ओढणीनं नाक पुसलं. "तुमाईचं सगळ्याईचं रडणं मी ऐकलं. आता माह्यं ऐका."

आम्ही ऐकत उभे राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली. पवन्या बसच्या दारात आडवा उभा राहिला आणि त्याला म्हणाला, "थांबा जरा, भाऊ. मॅडमचं रडणं व्हायचं हाय."