मागच्या सीटवरचं माणूस

बारामतीच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात मोटारसायकल आली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आणि गेल्या सोळा वर्षांत असल्या गाडीला मी हातही लावला नव्हता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गावोगाव जनावरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचायचं काम जोरात होतं. सायकलवरून फिरणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला ते झेपणारं नव्हतं, म्हणून वरच्या कचेरीनं लष्करानं मोडीत काढलेली एक गाडी दुरुस्त करून पाठवली. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, की मला मोटारसायकल चालवता येते असं माझ्या नोकरीच्या अर्जावरून दिसतं. तो अर्ज मीच भरला होता, तरुणपणी, मोठ्या ऐटीत.

आठ दिवस गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. पेट्रोल नाही, मग टायरमध्ये हवा कमी, मग माझ्या डोळ्याला धूळ सोसत नाही. रोज मी काहीतरी सांगत होतो. दवाखान्यातला शिपाई सगळं ऐकून घ्यायचा. त्याला सगळे तात्या म्हणत. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोलणं थोडं, आणि बिथरलेल्या बैलाच्या नाकात बोटं घालून त्याला जागच्या जागी उभा करणारा.

नवव्या दिवशी सकाळी निरवांगीचा एक शेतकरी आला. रात्रभर चालत आला होता.

"डाक्टर, दोन बैलं मेली. तिसरं खोंड हागवणीनं आडवं पडलंय. शेजारच्या दावणीला बी लागण हुईल. आज या."

निरवांगी म्हणजे इंदापूरच्या रस्त्यानं वीस मैलांच्या वर. लस थर्मासमध्ये बर्फात ठेवून न्यायची. बर्फ वितळला की ती वाया. बैलगाडीनं दिवस गेला असता, आणि सायकलवर थर्मास सांभाळत एवढ्या लांब जाणं मला जमलं नसतं. तात्यानं जाऊन ताडपत्री काढली.

पहिल्या तीन किका वाया गेल्या. चौथीला इंजिन धडधडलं. एकटा असतो तर कदाचित इतका घाबरलो नसतो. पण थर्मास धरायला मागं माणूस हवंच होतं. तात्यानं धोतर खोचलं, थर्मास दोन्ही मांड्यांमध्ये धरला आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात पडला मात्र, मी पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिले.

गाव सुटलं. डाव्या अंगाला उसाचे फड, मधूनच कालव्याचं पाणी चमकायचं. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. पुढच्या चाकासमोरची खडी तेवढी दिसत होती. प्रत्येक दगड आपल्यासाठीच ठेवलाय असं वाटायचं. गिअर टाकायचं पायाला आठवत होतं, पण वळण आलं की हात आपोआप ब्रेकवर आवळायचा आणि तात्या माझ्या पाठीवर आदळायचा.

लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली. शेवटच्या गाडीचा बैल इंजिनाच्या आवाजानं बुजला आणि बैलगाडी रस्त्यात आडवी आली. मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. मागचं चाक सरकलं, गाडी तिरपी झाली आणि बंद पडून कशीबशी थांबली. कुणाला काही लागलं नाही. गाडीवान दोन शिव्या देऊन पुढं गेला. मला मात्र परत किक मारता येईना. मी गाडी कडेला लावली आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसलो.

"काय झालं?" तात्यानं विचारलं.

सोळा वर्षांत बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं. नगरकडे एका लग्नाला जाताना माझ्या मागं माझा मित्र बसला होता. मी वेगात होतो. वळणावर खडीत चाक घसरलं. मला नुसतं खरचटलं, पण त्याचा गुडघा कायमचा आखडला. आजही तो एक पाय लांब करून बसतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तात्यानं सगळं ऐकलं. मग थर्मासचं झाकण हातानं चाचपून म्हणाला, "मग हळू चालवा की. पळवा म्हून कोन म्हनलंय? पर हितं बसून बर्फ ऱ्हायाचा न्हाय."

त्यानं दिलासा दिला नाही, दयाही दाखवली नाही. मी उठलो.

पुढं दक्षिणेला कच्च्या रस्त्याला लागलो, आणि वाटेत एक कोरडा ओढा आला. पात्रभर वाळू. मी थांबायच्या आतच तात्या खाली उतरला. "तुमी एकलं या. मी लस घिऊन चालतो." तो अनवाणी पायांनी घट्ट जागा बघत पुढं निघाला, आणि मी त्याच्या पावलांवर चाक ठेवत मागं. मध्यावर चाक रुतलं. गाडी सावकाश माझ्या अंगावर कलंडली आणि पोटरीला धुराची तापलेली नळी चिकटली. मी ओरडलो. थर्मास काठावर ठेवून तात्या पळत आला आणि त्यानं खांदा लावून गाडी उचलली.

पोटरीची आग होत होती. तरी मनात एक विचित्र गोष्ट झाली. ज्याची भीती होती ते घडून गेलं होतं, आणि मागं कुणी नव्हतं.

निरवांगीत पोचलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे अजून खुळखुळत होते. ऊन कलेपर्यंत आम्ही टोचत होतो. ते खोंड वाचलं नाही. पण शेजारच्या दावणीतली जनावरं तगली, असं पुढं कळलं.

निघायच्या वेळी बारामतीकडे जाणारी एक बैलगाडी जुंपली जात होती. तात्या रिकामा थर्मास घेऊन सरळ तिच्यात जाऊन बसला.

"तात्या, इकडं या की."

"न्हाय डाक्टर. तुमी व्हा म्होरं." मग खाली बघत म्हणाला, "सकाळधरनं माजा जीव मुठीत हाय. आता लस बी न्हाय."

मला हसू आलं नाही. मला वाटलं होतं, घाबरणारा मी एकटाच. मी एकट्यानं गाडी चालवत घरी आलो, बैलगाडीपेक्षा थोड्याच वेगानं.

पुढच्या आठवड्यात कऱ्हाटीला जायचं ठरलं. तात्याला मी बोलावलं नाही. दुसऱ्या कुणाला घेऊन जाईन, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सकाळी शेडमध्ये गेलो तर तो थर्मासमध्ये बर्फ भरत उभा होता. "दुसरं कोन धरंल ह्ये?" एवढंच म्हणाला.

बदली होईपर्यंत चार वर्षं मी ती गाडी चालवली. बहुतेक वेळा मागं तात्याच असायचा. भीती गेली नाही. किक मारताना ती दर वेळी यायची, आणि त्याचा हात खांद्यावर पडला की आणखी वाढायची. मी ती घालवायच्या खटपटीला लागलो नाही. वळण आलं की हळू व्हायचो, वाळू आली की दोघंही खाली उतरायचो.