वन्संनी ओढलेली वायर

आमच्या वन्सं कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं कटिंग मास्तर होत्या. कारखाना बंद पडला आणि त्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आल्या. आल्या त्या कापायचं टेबल घेऊनच. ते मावलं फक्त मागच्या खोलीत.

मग एका शिवणशाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मुलाखत घरूनच द्यायची होती. सकाळी अकराला कॅमेऱ्यासमोर बाही कापून दाखवायची. मध्येच चित्र तुटलं तर पुढच्या उमेदवाराला घेऊ, असं शाळेने स्पष्ट कळवलं होतं. मागच्या खोलीत आमचं वायफाय पोचत नाही, मधे दोन जाड भिंती. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो म्हणाला, आणि मुलाखत तर दुसऱ्या दिवशी.

"मीच वायर ओढते," वन्सं म्हणाल्या.

"तुम्हाला येतं ते?"

"बाही लावायला तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते!"

दुकानातून केबल, चार कनेक्टर, चिमटायची पक्कड आणि तपासायचं छोटं यंत्र आणलं. राऊटरपासून कडेकडेने, दारांच्या चौकटींवरून वन्संनी वायर नेली ती अगदी गोट लावावा तशी. मग टोक सोललं. आत आठ बारीक तारा, जोडीजोडीने पिळलेल्या. सोबतच्या कागदावर हिरव्याची जोडी फोडून मधे निळ्याची बसवलेली होती.

"छापणाऱ्याने घोळ घातलाय," वन्सं म्हणाल्या. "जोडीचा तुकडा कोणी लांब नेतं का?" त्यांनी नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चारही जोड्या शेजारी शेजारी बसवल्या. दुसऱ्या टोकालाही तसंच. यंत्राला लावलं तर आठही दिवे लागले. आम्ही निवांत झोपलो.

सकाळी साडेनऊला वायर लॅपटॉपला जोडली आणि वन्संच्या एका भाचीला व्हिडिओ कॉल लावून चित्र बघितलं. दहा सेकंद ठीक, मग पडद्यावर वन्संचा चेहरा थिजला, तोंड उघडंच. भाची खिदळली, "आत्या, भूत दिसतेस!" वन्सं हसल्या नाहीत. परत लावलं, परत तुटलं.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "दोन्ही टोकं सारखी चुकली की दिवे लागतातच, ताई. पण हिरव्याच्या जोडीतली एक तार कनेक्टरच्या तिसऱ्या घरात आणि दुसरी सहाव्यात जायला हवी. नाहीतर लांब वायरीत गोंधळ होतो. कागदाप्रमाणे करा."

सव्वादहा. कनेक्टर उरलेले दोनच. दुकान गाठून परत यायला तास लागला असता.

वन्संनी दोन्ही टोकं कापून टाकली. मी कागद धरून एकेक रंग वाचत होते आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. तारा सरळ होईनात. एक निळी दोनदा निसटली. "वाच परत," त्या म्हणाल्या. मी वाचलं. पक्कड दाबताना त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडली. मग दुसरं टोक. माझे यजमान म्हणाले, "आक्का, घाई कर."

"तू गप्प बस रे! घाई केली तर परत माती होईल."

अकराला पाच मिनिटं कमी असताना वायर लावली. भाचीला फोन करून बघायला वेळच नव्हता. पडद्यावर दोन बाई आणि एक सर आले.

वन्संनी कापड अंथरलं, खडूने आखलं, कात्री घातली. मी दाराआड उभी, डोळे राऊटरच्या दिव्यावर. यजमान वायरीपाशी असे उभे, की कोणी पाऊल टाकलं तर खाऊनच टाकतील. वीस मिनिटं. चित्र एकदाही अडखळलं नाही.

"हात जराही हलला नाही हो तुमचा," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

"कापडाला काय घाबरायचं, बाई?" वन्सं म्हणाल्या. "चुकलं तर ताग्यातून दुसरं काढता येतं."

बाईंना त्यातलं काही कळलं नसावं; आमचे कनेक्टर संपलेत हे त्यांना कुठे ठाऊक! पण सोमवारपासून या, एवढं त्यांनी सांगितलं. पडदा बंद झाल्यावर वन्सं टेबलाला टेकून खाली फरशीवरच बसल्या. मी पाणी आणलं, तर पेला धरताना त्यांचे दोन्ही हात लटलट कापत होते.